चष्म्याचा नंबर तपासला म्हणजे पडदा तपासला का?

आडवा_छेद

मधुमेह आणि डोळे यावर इथे आधीचे धागे आहेत, पण सगळे फिरून फिरून "साखर आटोक्यात ठेवा"पाशी येऊन थांबतात. माझा मुद्दा वेगळा आहे. "डोळे तपासले का?" असं विचारलं की बहुतेक मधुमेही म्हणतात, "हो, मागच्याच महिन्यात नंबर काढला." नंबर काढणं म्हणजे प्रकाश पडद्यावर नीट पडतोय का ते बघणं. मधुमेह पोखरतो तो पडदाच, म्हणजे दृष्टिपटल. तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्या ६/६ डोळ्यातही पडद्यावर नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या फुटलेल्या असू शकतात. अक्षरं वाचण्याचं काम करतो तो पडद्याच्या मध्यावरचा जेमतेम दीड मिलिमीटरचा भाग. तो शाबूत आहे तोवर आजूबाजूला कितीही पडझड झाली तरी माणसाला पत्ता लागत नाही. दुखत नाही, खुपत नाही, डोळा लाल होत नाही.

माझं मत: टाइप २ असेल तर निदान झाल्या झाल्या, टाइप १ असेल तर पहिल्या ५ वर्षांच्या आत बाहुली मोठी करून पडदा बघायचाच, आणि पुढे दरवर्षी. टाइप २ला ५ वर्षांची सवलत नाही, कारण निदानाआधी साखर किती वर्षं वाढलेली होती ते कुणालाच माहीत नसतं.

प्रश्न दोन. एक, दरवर्षी खरंच लागते का? दोन, बाहुली मोठी करणारे थेंब न घालता काढलेला पडद्याचा फोटो पुरतो का? जाणकारांनी लिहावं.

लेन्सवाला

छेदभाऊ, मुद्दा मान्य, पण नंबरला इतकं कमी लेखू नका. तोही बोलतो, फक्त ऐकता आलं पाहिजे.

रक्तातली साखर वाढली की ती डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगातही शिरते. तिथे तिचं सॉर्बिटॉल होतं, ते सहजासहजी बाहेर पडत नाही आणि पाणी ओढून घेतं. भिंग फुगतं आणि नंबर बहुधा मायनसकडे सरकतो. लांबचं पुसट होतं, पण चाळिशी उलटलेल्या माणसाला जवळचं चष्म्याशिवाय वाचता यायला लागतं. मग उपचार सुरू होतात, साखर उतरते आणि नंबर उलटा, प्लसकडे पळतो. आता जवळचंही धड नाही आणि लांबचंही. रुग्ण म्हणतो, "औषधाने डोळे बिघडले," आणि गोळी बंद करतो. खरं म्हणजे औषध लागू पडल्याची ती खूण असते.

या काळात केलेला चष्मा महिन्याभरात कपाटात जातो. साखर ४ ते ६ आठवडे स्थिर राहू द्यावी. मग आठवडाभराच्या अंतराने, दिवसाच्या साधारण त्याच वेळी दोनदा नंबर काढावा. दोन्ही वेळच्या नंबरात पाव पॉइंटच्या आत फरक असेल तरच चष्मा करायला टाकावा. तोवर वाचायला तयार मिळणारा साधा चष्मा चालतो.

साखरेच्या चढउताराने येणारी अंधुकता दोन्ही डोळ्यांत येते. एकाच डोळ्याला पुसट दिसत असेल तर ते साखरेच्या खाती टाकून गप्प बसू नका.

निवांत_कासव

म्हणजे साठीत चष्मा सुटला तर उड्या मारायच्या आधी साखर मोजायची. नोंद घेतली.

दुपारची_झोप

मी विरोधी बाकावर. दरवर्षी थेंब घालून तासन् तास आंधळी कोशिंबीर खेळायची आणि शेवटी "सगळं ठीक आहे, पुढच्या वर्षी या" हे ऐकायचं. इंग्लंडमध्ये २०२३ पासून लागोपाठ दोन तपासण्यांत काहीच न सापडलेल्यांना दोन वर्षांनी बोलावतात. अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनाही पडदा स्वच्छ आणि साखर आटोक्यात असेल तर १ ते २ वर्षं म्हणतात. मग "दरवर्षी, दरवर्षी" हा घोष कशाला?

पटलपाखरू

झोपराव, तुमचं वाक्य अर्धं बरोबर आहे. सवलत "पडदा स्वच्छ" असणाऱ्यांना आहे. एकदा काही सापडलं की वेळापत्रक पडदा ठरवतो, कॅलेंडर नाही. ते का, हे जरा सविस्तर लिहितो.

पडद्यातल्या केशवाहिन्यांना बाहेरून आधार देणाऱ्या पेशी असतात, पेरिसाइट. वाढलेल्या साखरेत त्या आधी मरतात. आधार गेला की वाहिनीची भिंत जागोजाग फुगते. हे सूक्ष्म फुगे केसाच्या जाडीएवढे किंवा त्याहून बारीक असतात, आणि तपासताना केशरी पडद्यावर लाल टाचणीच्या टोकासारखे दिसतात. नुसते फुगे असतील तर ती सौम्य पायरी. पुढे फुगे झिरपतात, फुटतात. रक्ताचे ठिपके पडतात. पाझरलेली चरबी पिवळट, कडक कडांच्या कणांसारखी साचते. कुठे रक्तपुरवठाच तुटतो आणि तिथला मज्जातंतूंचा थर सुजून कापसाच्या पुंजक्यासारखा पांढरा दिसतो. ही मध्यम पायरी.

तीव्र पायरी ओळखायला ४-२-१ असा नियम आहे. पडद्याचे चार भाग कल्पायचे. चारही भागांत भरपूर रक्तस्राव, किंवा दोन भागांत शिरा मण्यांच्या माळेसारख्या गाठाळलेल्या, किंवा एका भागात वेड्यावाकड्या आडवाटेच्या वाहिन्या. तिन्हींपैकी एक असलं तरी तीव्र. या पायरीवरच्या डोळ्यांपैकी साधारण निम्मे वर्षभरात पुढच्या, नव्या रक्तवाहिन्यांच्या पायरीवर जातात. हा माणूस दोन वर्षांनी आला तर कसं चालेल?

म्हणून सौम्य असेल तर ६ ते १२ महिने, मध्यम असेल तर ३ ते ६ महिने, तीव्र असेल तर ३ महिन्यांच्या आत. आणि यातल्या प्रत्येक पायरीवर तक्त्यावर ६/६ असू शकतं.

रेघोट्या

+१. एक भर घालते. पडद्याच्या मध्याची सूज, म्हणजे मॅक्युलाची सूज, यातल्या कुठल्याही पायरीवर येऊ शकते. सौम्य आहे म्हणून निश्चिंत, असं नाही. सुरुवातीला सरळ रेघा वाकड्या दिसतात. मजकुरातलं एखादं अक्षर पुसल्यासारखं होतं, रंग धुतल्यासारखे फिके वाटतात.

घरी बघण्यासाठी चौकटींचा कागद असतो, मध्ये एक ठिपका. वाचायचा चष्मा लावायचा, कागद साधारण ३० सेंटिमीटरवर धरायचा, एक डोळा तळहाताने झाकायचा (बोटांनी नको, फटीतून दिसतं) आणि नजर ठिपक्यावरून न हलवता बाजूच्या रेघांकडे लक्ष द्यायचं. रेघ वाकलेली, तुटलेली किंवा चौकट गायब वाटली तर तिथे पेनाने खूण करून तारीख टाकायची. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघणारे फार असतात. तसं केलं तर चांगला डोळा वाईटाचं बिंग फुटू देत नाही.

दुपारची_झोप

झालं तर मग! कागद घरी, तपासणी घरी. कशाला थेंब?

रेघोट्या

नाही हो. तो कागद मध्याच्या सुजेची खूण दाखवतो, तोही सूज बऱ्यापैकी असली तर. बाजूच्या नव्या वाहिन्या त्याला दिसत नाहीत. कागद बिघडला तर लगेच जायचं. कागद ठीक असला म्हणून तारीख मात्र चुकवायची नाही.

थेंबथेंब

थेंबांची इतकी धास्ती बघून लिहितेय. बहुतेक ठिकाणी ट्रॉपिकामाइड वापरतात, कधी जोडीला फिनाइलएफ्रिन. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरलं तर औषध घशात कमी उतरतं आणि कडू चव लागत नाही. बाहुली पुरती उघडायला २० ते ३० मिनिटं, असर साधारण ४ ते ६ तास. जवळचं वाचता येत नाही, उजेड टोचतो. गॉगल सोबत न्या आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या. जुन्या मधुमेह्यांची बाहुली हट्टी असते, पुरती उघडत नाही, मग दुसऱ्यांदा थेंब लागतात. त्या वाढीव अर्ध्या तासाने लोक वैतागतात आणि "बाहुली उघडत नाही, राहू द्या" म्हणून उठून जातात. नेमका त्यांचाच पडदा बघणं जास्त गरजेचं असतं.

थेंबांआधी डोळ्याचा दाब आणि पुढच्या कप्प्याची खोली बघतात. कप्पा अरुंद असेल तर बाहुली मोठी केल्यावर दाब एकदम चढू शकतो. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर तेही आधी सांगा, फिनाइलएफ्रिनने काहींचा रक्तदाब वाढतो.

काजवा

छेदभाऊंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही, म्हणून मी.

थेंबांशिवाय पडद्याचा फोटो काढणारे कॅमेरे चाळणी म्हणून चांगले आहेत. साधारण ४५ अंशांचा भाग टिपतात. एक फोटो मॅक्युला मध्ये धरून, एक नेत्रतंतूचं टोक मध्ये धरून. २०१८ मध्ये अमेरिकेत असे फोटो स्वतः वाचून "पाठवा" किंवा "पाठवू नका" सांगणाऱ्या संगणकीय प्रणालीला परवानगीही मिळाली. पण तीन अडचणी. बाहुली बारीक किंवा मोतीबिंदू असेल तर फोटो धुरकट येतो. ४५ अंशांच्या बाहेर काय चाललंय ते त्यात नाही. आणि फोटो सपाट असतो, पडदा किती जाड झालाय हे त्यावरून मोजता येत नाही.

जाडी मोजायला ओसीटी, म्हणजे प्रकाशाने काढलेलं पडद्याचं स्कॅन. त्यात पडद्याचा आडवा छेद (धागाकर्त्यांचा काही संबंध नाही) थरांसकट दिसतो, साठलेलं पाणी काळ्या पोकळ्यांसारखं. आकडा मायक्रॉनमध्ये येतो. दोन वेगळ्या यंत्रांच्या आकड्यांची तुलना करू नका, मोजण्याची सीमारेषा यंत्रागणिक वेगळी असते. शक्यतो दर वेळी त्याच यंत्रावर काढा.

कुठली वाहिनी झिरपते आणि कुठे पुरवठा बंद पडलाय हे बघायला दंडाच्या शिरेत पिवळा रंग सोडून अँजिओग्राफी करतात. नंतर दिवसभर लघवी गडद पिवळी-केशरी होते, त्वचाही जराशी पिवळी. घाबरू नका. मळमळ होऊ शकते. ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

निवांत_कासव

"कावीळ झाली" म्हणून धागा काढणारे येतीलच.

कोरा_कागद

साखरेचा विषय नको म्हणालात तरी एक मुद्दा राहून जातोय, आणि तो नेहमीच्या उपदेशाच्या उलट आहे. साखर फार झपाट्याने खाली आणली तर पडदा काही महिने बिघडू शकतो. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी अभ्यासात, टाइप १ असलेल्या आणि साखर काटेकोर ठेवलेल्या लोकांत नव्याने पडद्याचा आजार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. पण त्याच अभ्यासात काहींचा पडदा पहिल्या वर्षात आधी खालावला आणि मग सावरला. म्हणून एचबीएवनसी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) खूप चढलेलं असताना इन्सुलिन किंवा सेमाग्लुटाइडसारखं जोरकस औषध सुरू करायचं असेल तर आधी पडदा बघून घ्यावा आणि सुरुवातीचे काही महिने लवकर लवकर बघावा. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत पडद्याच्या गुंतागुंती जास्त दिसल्या होत्या, त्याचं एक कारण हेच मानतात.

याचा अर्थ साखर वाढलेली राहू द्या असा मुळीच नाही.

मॅक्युलाला सूज असेल तर पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी घेताय का ते डोळ्याच्या डॉक्टरांना सांगा, त्याने अंगात पाणी धरतं. रक्तदाब, मूत्रपिंड आणि हिमोग्लोबिन या तिघांकडे दुर्लक्ष केलं तर नुसत्या साखरेने भागत नाही. यूकेपीडीएस या टाइप २ वरच्या ब्रिटिश अभ्यासात रक्तदाब काटेकोर ठेवल्याने पडद्याचा आजार पुढे सरकण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं होतं.

गर्भधारणेचा विचार असलेल्या मधुमेही स्त्रियांनी आधी एकदा, मग पहिल्या तिमाहीत पडदा बघून घ्यावा. गर्भारपणात हा आजार वेग घेतो. फक्त गर्भारपणातच साखर वाढलेल्यांना मात्र हे लागत नाही.

दुपारची_झोप

हा मुद्दा पटला. बरं, सापडलंच काही तर करतात काय? लेझर मारून नजर आणखी जाते असं ऐकून आहे.

पटलपाखरू

त्यात तथ्य आहे, पण हिशेब समजून घ्या. रक्तपुरवठा तुटलेला पडदा प्राणवायूसाठी ओरडतो, म्हणजे व्हीईजीएफ नावाचं द्रव्य सोडतो. त्या हाकेवर नव्या वाहिन्या उगवतात. त्या कच्च्या असतात, डोळ्यातल्या जेलमध्ये रक्त सांडतात. पुढे व्रणासारख्या आकसून पडदाच ओढून सुटा करतात. लेझर पडद्याच्या कडेचा भाग भाजतो, पारंपरिक पद्धतीत १२०० ते १६०० ठिपके, मध्य सोडून. प्राणवायूची मागणी कमी होते, हाक थांबते, वाहिन्या सुकतात. किंमत म्हणून बाजूची आणि रात्रीची नजर थोडी जाते. मध्याला सूज असेल तर ती तात्पुरती वाढूही शकते. पण १९७० च्या दशकातल्या मोठ्या चाचणीत या लेझरने तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी केला. कडेचं थोडं देऊन मधलं वाचवायचं, असा हा सौदा.

मॅक्युलाच्या सुजेवर आता पहिली पसंती इंजेक्शनला. रॅनिबिझुमॅब, बेव्हासिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट ही व्हीईजीएफ रोखणारी औषधं. ०.०५ मिलिलीटर औषध, बारीक सुई, बुबुळाच्या कडेपासून ३.५ ते ४ मिलिमीटर मागे पांढऱ्या भागातून. आधी भूल आणि पोव्हिडोन आयोडीन. आयोडीन चुरचुरतं म्हणून नको म्हणू नका, जंतुसंसर्ग टाळण्यात त्याचाच वाटा सगळ्यात मोठा आहे. दृष्टी ६/१५ किंवा त्याहून कमी असेल तर पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरलं, त्यापेक्षा चांगली असेल तर तिन्ही सारखीच.

मोठी चूक होते ती दोन-तीन इंजेक्शनांनंतर "आता छान दिसतंय" म्हणून थांबण्याची. चाचण्यांमध्ये पहिल्या वर्षात ९-१० लागली, दुसऱ्या वर्षी साधारण निम्मी.

थेंबथेंब

इंजेक्शननंतरचं. पांढऱ्यावर लाल डाग आणि एक-दोन दिवस काळे बुडबुडे तरंगताना दिसणं चालायचंच. पण पहिल्या आठवड्याभरात वाढती वेदना, वाढती लाली आणि घटती नजर यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी गाठायचं, उद्या नाही. आतला जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तासांचा हिशेब असतो.

काजवा

पटलपाखरू, नव्या वाहिन्यांवरही आता नुसती इंजेक्शनं देतात की. दोन वर्षांच्या तुलनेत ती लेझरपेक्षा कमी पडली नाहीत, बाजूची नजरही जास्त राहिली. मग लेझरचा एवढा आग्रह का?

पटलपाखरू

रुग्ण न चुकता येणार असेल तर माझी हरकत नाही. पण इंजेक्शनचा असर आठवड्यांचा, लेझरचा कायमचा. फक्त इंजेक्शनवर असलेला माणूस सहा महिने गायब झाला की परत येतो तो पडदा सुटलेला घेऊन. लेझर झालेला गायब झाला तर इतकं बिघडत नाही. चाचणीतले रुग्ण फोन करकरून बोलावलेले असतात.

काजवा

मान्य, पण मग निवड औषधाची नाही, माणसाच्या शिस्तीची झाली.

पटलपाखरू

तशीच असते ती.

कोरा_कागद

अवांतर: पडद्यापलीकडच्या दोन गोष्टी. एका डोळ्याची पापणी अचानक पडली, डोळा बाहेर आणि खाली वळला, एकाची दोन दिसायला लागली, तर मधुमेहात डोळा हलवणाऱ्या तिसऱ्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा तुटल्याने असं होतं आणि बहुधा तीनेक महिन्यांत सुधारतं. पण हे निदान डॉक्टरांनी करायचं. त्यातच बाहुली मोठी झालेली असेल तर मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुग्याची शक्यता असते, तेव्हा तातडीने रुग्णालय.

दुसरं, ॲस्पिरिन. डोळ्यात रक्त सांडेल म्हणून हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिन लोक परस्पर बंद करतात. मधुमेह्यांच्या पडद्यावरच्या ईटीडीआरएस अभ्यासात रोज ६५० मिलिग्रॅम देऊनही डोळ्यातला रक्तस्राव वाढला नव्हता.

लेन्सवाला

नजर आधीच उतरलेल्यांसाठी एक. इन्सुलिन पेनचे आकडे नीट दिसत नसतील तर टिकटिक मोजून डोस घेणारे असतात. अर्ध्या युनिटची पेनंही मिळतात, तिथे तीच टिकटिक अर्धा डोस ठरते. नुसत्या आवाजावर जाऊ नका. भिंग जोडा किंवा दुसऱ्या कुणाकडून आकडा वाचून घ्या. पायाचे तळवेही दुसऱ्याला बघायला सांगा. ज्याचा पडदा गेला त्याच्या पायाची संवेदनाही बरेचदा गेलेली असते.

दुपारची_झोप

मूळ प्रश्नाकडे या आता. माझी दोन वर्षांची सवलत राहिली की गेली?

आडवा_छेद

राहिली, अटी लागू. सगळे प्रतिसाद वाचून माझंही मत थोडं सरकलं. लागोपाठचे दोन रिपोर्ट "पडदा स्वच्छ" आणि साखर, रक्तदाब स्थिर असतील तर दोन वर्षं मला मान्य. गर्भारपण आलं, जोरकस औषध सुरू झालं किंवा मूत्रपिंडात काही निघालं की सवलत रद्द.

अडचण अशी की बहुतेकांच्या रिपोर्टवर नुसतं "डोळे ठीक" लिहिलेलं असतं. त्यावरून कुठलीच सवलत ठरवता येत नाही. रिपोर्टवर हे मागून घ्या: बाहुली मोठी केली होती का, उजव्या आणि डाव्या डोळ्याची पायरी वेगवेगळी, मॅक्युलाला सूज आहे की नाही, आणि पुढची तारीख. फोटो काढला असेल तर तो वाचण्याजोगा होता का.

काजवा

शेवटचं फार महत्त्वाचं. धुरकट फोटोचा अर्थ "काही दिसलं नाही" एवढाच, "काही नाही" असा नव्हे. अशा वेळी थेंब घालून पुन्हा बघायचं.

दुपारची_झोप

म्हणजे शेवटी थेंब आलेच.

निवांत_कासव

गॉगल विसरू नका.